अंगठ्याला दोन साक्षीदार

खामपान म्हातारीने मृत्युपत्र करायचं ठरवलं, त्या सकाळी आमच्या नोंगखा गावात अकरा माणसांची पोटं एकाच वेळी दुखायला लागली.

विहीर सगळ्यांची एक होती, पण मुरवलेले मासे ज्याच्या त्याच्या घरचे होते. साथ म्हणावी, तर लहान पोरांना काही झालं नव्हतं. ज्यांना सही करता येत होती अशाच मोठ्या माणसांना नेमकी लागण झाली. मृत्युपत्रावर सही केली की मरण पत्ता विचारत येतं, आणि आलंच आहे तर चार घरं फिरून जातं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी एकतीस वर्षं गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. त्या अकरांत मीही होतो.

लमाय माझ्याकडे आली तेव्हा मी जेवत होतो. लमाय म्हणजे म्हातारीची धाकटी लेक, माझीच विद्यार्थिनी, वय चव्वेचाळीस.

"गुरुजी, एक सही हवी होती. आईचा अंगठा लागेल तेव्हा समोर बसायचं, बाकी काही नाही."

"बाळा, रात्रीपासून पोटात कळा आहेत बघ."

तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. चिकट भाताची टोपली निम्मी झाली होती आणि कच्च्या पपईच्या कुटात नऊ मिरच्या होत्या.

"दिसतंय," ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

म्हातारीला तालुका कचेरीत नेलं असतं तर तिथल्या साहेबासमोर, तिथल्याच कारकुनांच्या साक्षीने सगळं पक्कं झालं असतं. पण तिची उजवी बाजू तीन वर्षांपासून लुळी होती, न्यायला गाडी लागणार होती, आणि गाडीवाल्याचंही पोट दुखत होतं.

शेवटी एकटा सुथिन मुखिया आला. मुखियाला पोटदुखीची सवलत नसते, त्याला सरकार पगार देतं. त्याने तालुक्यातून मृत्युपत्राचा नमुना आणला होता. झेरॉक्स एकाच बाजूची काढली होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नुसत्या सूचना होत्या, असं तो नंतर म्हणाला.

घराखाली, खांबांच्या मध्ये बांबूच्या माचावर म्हातारी उशीला टेकून बसली होती. तोंडात विडा. मी कुंपणाच्या अलीकडे, माझ्या अंगणात, पोट धरून बसलो होतो. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. दहा पावलं टाकली असती तर ही कथा लिहावी लागली नसती.

"आजी, आधी डोकं ठिकाणावर आहे का ते बघावं लागतं," मुखिया म्हणाला. "आज वार कोणता?"

"मंगळवार. तुझ्या बापाला मंगळवारीच जाळला. पाऊस होता, लाकडं पेटेनात."

"बँकॉकला सध्या पंतप्रधान कोण?"

"सकाळचा सांगू का आत्ताचा?"

मुखियाने 'डोकं ठिकाणावर' असं लिहून घेतलं.

म्हातारीने भराभर सांगितलं. घर, तळं आणि अठरा राय, म्हणजे सातेक एकर, जमीन लमायला. थोरल्या थवीला ओढ्याकडची आठ राय आधीच दिली होती, ती त्याने विकली. त्याच्या शिक्षणापायी चार म्हशी गेल्या, त्याही लिही. आमच्याकडे धाकटी लेक घरात राहते, जावई तिच्याकडे नांदायला येतो, दोघं म्हाताऱ्यांचं करतात आणि घर त्यांचं होतं. हे कुणी लिहून ठेवत नाही. सूर्य उगवतो हे तरी कुणी लिहून ठेवतं का? पण गावाबाहेरून चौपदरी रस्ता आला आणि म्हातारीला वाटलं, लिहिलेलं बरं.

"घरामागे आंब्याची झाडं सात," मुखिया लिहीत म्हणाला.

"सहा. एकावर वीज पडली. खोड."

मुखियाने खोडलं. मग शाईचा पॅड काढला तर तो वाळून खडखडीत. म्हातारीने डावा अंगठा जिभेवर ओला केला, पॅडवर घासला आणि कागदावर दाबला. ठसा निम्मा जांभळा, निम्मा विड्याच्या रंगाचा उठला.

"अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात," मुखिया म्हणाला. "दोघांनी एकाच वेळी, डोळ्यांदेखत सह्या करायच्या. एक मी झालो. दुसरा?"

लमायने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

तिचा नवरा बुनथोम तळ्याकाठी म्हातारीची चादर धूत होता. "बुनथोम, नाव लिहिता येतं ना रे तुला?" मुखियाने हाक मारली.

"नाव येतं."

त्याने हात पुसले, वर जाऊन पांढरा शर्ट घालून आला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"जावयाची सही चालते का?" लमायने विचारलं.

मुखियाने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "काही लिहिलेलं तर नाही."

बुनथोमने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली. म्हातारीने त्याच्याकडे बघून मान हलवली. तेवीस वर्षांत मी तिला त्याचं एवढं कौतुक करताना पाहिलं नव्हतं.

म्हातारी त्यानंतर सात महिने जगली. मरणाने पत्ता विचारला नाही. कुणाच्याच पोटदुखीचा उपयोग झाला नाही.

ते सात महिने आणि आधीची तीन वर्षं कशी गेली, ते लमायच्या कमरेला विचारावं. पहाटे चार वाजता चिकट भात वाफेला लावायचा, म्हातारीला उचलून कूस बदलायची, धुवायचं, पुसायचं, भरवायचं, मग शेतात. दुपारी पुन्हा येऊन उचलायचं. म्हातारी शेवटी तांदळाच्या पोत्याएवढी हलकी झाली होती, पण पोतं शिव्या देत नाही. मेली तेव्हा तिच्या पाठीवर एक व्रण नव्हता. सरकारी दवाखान्याची नर्स दोनदा उलटं करून पाहून गेली, तिला खरं वाटेना.

त्याच दवाखान्यात दर महिन्याला एक गंमत व्हायची. गंमत बाकीच्यांची. औषध घ्यायला नाव पुकारलं जायचं, ओळखपत्रावर असेल तसं. "कुमारी लमाय!"

बाकावरच्या बायका तोंडावर हात धरायच्या. टाचा भेगाळलेली, तीन पोरं शहरात कामाला लागलेली कुमारी उठून खिडकीपाशी जायची. लग्न गावासमोर झालं होतं, मनगटांना पांढरे दोरे बांधले होते, डुक्कर कापलं होतं. फक्त तालुका कचेरीत नोंद राहिली होती. पहिल्या वर्षी लावणी होती म्हणून राहिली. दुसऱ्या वर्षी पोर झालं म्हणून. पुढे दरवर्षी लमाय म्हणायची, "चल कचेरीत," आणि बुनथोम म्हणायचा, "कापणी झाली की." कापण्या तेवीस झाल्या.

"आळशी," ती सगळ्यांदेखत म्हणायची. "एक कागद आणवत नाही ह्याच्याने. अजगर पाळलाय मी." बुनथोम हसून कुदळ उचलायचा आणि बांधाकडे जायचा. तो गावात सगळ्यात आधी शेतात जायचा आणि सगळ्यात शेवटी परतायचा, त्यामुळे 'आळशी' ऐकून लोकांनाही गंमत वाटायची.

थवी नव्या वर्षाच्या सणाला यायचा. जिल्ह्याच्या गावी त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान. भिक्खूंना दान देतात ती पिवळी बादली तो आईला द्यायचा. आत साबण, दंतमंजन, बिस्किटं. आईच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचा, फोटो काढायचा, संध्याकाळच्या आत परत. अंत्यविधीला मात्र तीन दिवस राहिला आणि सगळ्यांत मोठ्याने रडला.

आषाढात लावणी सुरू झाली तेव्हा तो पुन्हा आला.

लमाय गुडघाभर चिखलात होती. सकाळपासून वाकलेली. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्याने रोप चिखलात खुपसायचं, पाऊल मागे, पुन्हा खुपसायचं. पाठ सरळ केली की कण्यातून कळ जायची, म्हणून ती सरळ करतच नव्हती. त्यामुळे तिला आधी बूट दिसले. मग रोवलेली खुंटी. तिला लाल फीत.

"दादा, पाय काढ. रोपं आहेत."

"बोलायचंय थोडं."

"बोल. पण पाय काढ."

थवीने पाय काढला तो दुसऱ्या रोपावर ठेवला. बरोबरचा माणूस फीता घेऊन रस्त्याकडून मोजत येत होता. बांधावरून मी आणि आणखी चारपाच जण बघत होतो. लावणीला आम्ही एकमेकांच्या शेतात जातो, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांची पोटं बरी होती.

"इथे पेट्रोल पंप होईल," थवी म्हणाला. "रस्त्याकडची नऊ राय माझी."

"आईने लिहून ठेवलंय."

"आईने? आईला शेवटी दिवस-रात्र कळत नव्हती. आणि अंगठ्याचा तो रंग बघितलास? कुणी सांगावं, श्वास चालू असताना लागला का नंतर."

लमायच्या हातातली जुडी चिखलासकट त्याच्या छातीवर बसली. ती वाकूनच होती, नेम तरीही चुकला नाही.

थवीने शर्टावरचा चिखल बोटाने निपटला. रागावला नाही. राग येतो तो ज्याच्याकडे कागद नाही त्याला. "बरं, अंगठा खरा धरू. साक्षीदार कोण? तुझा नवरा. कायदा काय म्हणतो ठाऊक आहे? जो साक्षीला बसला त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याच्या बायकोलाही नाही. माझ्या वकिलाने चहा थंड व्हायच्या आत सांगितलं. तुझ्या नावचं सगळं रद्द. मग उरलो आपण दोघं वारस. निम्मं निम्मं."

"पाणी सगळं रस्त्याच्या बाजूला आहे, दादा. तळं तिकडे आहे."

"तू वरची बाजू घे ना. वाळूत कसावा छान येतो."

लमाय पहिल्यांदा सरळ उभी राहिली. कळ गेली असणार, चेहऱ्यावर दिसली. तिने थवीकडे पाहिलं नाही. तिने शेताच्या दुसऱ्या टोकाला हातट्रॅक्टर धरून उभ्या असलेल्या बुनथोमकडे पाहिलं.

"सही करायला बरा धावलास रे!" ती ओरडली. "तेवढी एक सही आयुष्यात वेळेवर केलीस!"

बुनथोमने ट्रॅक्टर बंद केला. पुन्हा चालू केला. चिखल उडवत तो दुसऱ्या बांधाकडे गेला. लमाय खाली वाकली आणि रोपं लावू लागली. थवी गेल्यावर तिने त्याच्या बुटांच्या खड्ड्यांतसुद्धा एकेक रोप लावलं. खुंट्या तशाच राहिल्या. कोर्टाचा माल आहे, उपटलात तर गुन्हा, असं थवी जाताना म्हणाला होता. ते खोटं होतं, पण शर्ट इस्त्रीचा होता.

गरिबांसाठी फुकट वकील मिळतो, हे मुखियाला ठाऊक होतं. झेरॉक्सच्या मागच्या बाजूची भरपाई म्हणून तोच जाऊन घेऊन आला. ओरथाय नावाची, तिशीची मुलगी. स्कूटरवरून आली ती कमरेपर्यंत चिखलाने माखून. माचावर मांडी घालून बसली, चिकट भाताचा गोळा वळत कागद वाचू लागली. मी ह्या वेळी कुंपण ओलांडून आलो होतो.

"डोकं ठिकाणावर नव्हतं, हे त्यांना सिद्ध करता येणार नाही," ती म्हणाली. "आंब्याचं झाड खोडलेलं आहे, तेच पुरे. अंगठा दोघांसमोर, एकाच वेळी. तेही ठीक. साक्षीदाराचं मात्र अवघड आहे. कायदा खरोखर तसाच आहे. तुमच्या लग्नाच्या नोंदणीची तारीख काय?"

लमायचा चेहरा मानेपासून लाल होत वर गेला. "ते कशाला हवंय?"

"त्यावरच तर आहे सगळं. कागद दाखवा."

"नाहीये कागद!" लमायने भाताची टोपली आपटली. "तेवीस वर्षं ह्या माणसाला सांगतेय. दवाखान्यात लोक हसतात, बँकेत हसतात. आता तुम्हीही हसा. पण उद्या सकाळी पहिल्या गाडीने ह्याची मानगूट धरून नेते कचेरीत, कागद तुमच्या हातात—"

ओरथायच्या हातातला गोळा खाली पडला. कुत्र्याने उचलला.

"कचेरीच्या रस्त्यालासुद्धा जाऊ नका!"

तिने लमायचा हात धरून तिला खाली बसवलं.

"ऐका. ज्याची नोंद, तोच कायद्याने नवरा. दोरे बांधले, डुक्कर कापलं, गाव जेवलं. कायदा त्या जेवणाला आला नव्हता. नोंद नाही म्हणजे तुम्ही साक्षीदाराची बायको नाही. मृत्युपत्र उभं राहतं."

"मग हा माझा कोण?"

ओरथायने बुनथोमकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "कायद्याने? तुमच्या घरी राहणारे एक गृहस्थ."

लमायने आपटलेली टोपली सरळ करून ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे जमीन पाहिजे असेल तर कोर्टात उभं राहून सांगायचं, हा माझा नवरा नाही."

"हो. स्वतःच्या तोंडाने."

"आणि दादा काय सांगणार?"

"तो नवरा आहे, असं."

"ह्याला तेवीस वर्षांत दादाने एकदा 'भाऊजी' म्हटलेलं नाही," लमाय म्हणाली. "आता पंपापायी म्हणणार."

भात वाढला, फुटला, पिवळा झाला. पाऊस लांबला तेव्हा तळ्यातून पाणी घेतलं. बुनथोम रात्रंदिवस बांधावर. लमाय त्याच्याशी बोलत नव्हती, कुत्र्याशी बोलायची. "सांग त्याला, जेवायला ये. सांग त्याला, कोयता बोथट आहे." बुनथोम कुत्र्याला "बरं" म्हणायचा.

तारीख लागली ती नेमकी कापणीच्या तोंडावर. ओंब्या वाकून पाण्याला टेकल्या होत्या, एक वारा आला असता तर आडव्या झाल्या असत्या. मी माझी जुनी पिकअप काढली. लमाय पुढे, बुनथोम आणि मुखिया मागे.

कोर्टात थवीच्या वकिलाने आधी मुखियाला धरलं. ठशाचा रंग असा का?

"पॅड वाळला होता, साहेब. आजींनी अंगठा चाटला. तोंडात विडा होता."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला, पण लिहून घेतलं.

मग लमाय. कारकुनाने पुकारलं, "कुमारी लमाय!" मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. दवाखान्यात होतं तसंच. तिने घातलेला निळा शर्ट मी ओळखला, आईच्या अंत्यविधीनंतर शंभराव्या दिवसाला शिवलेला. हाताची बोटं तिने पाठीमागे धरली होती. नखांतला चिखल जात नाही आमच्याकडे.

"इथे बसलेला बुनथोम तुमचा नवरा ना?" थवीच्या वकिलाने हसून विचारलं.

"कायद्याने नाही."

"तीन मुलं आहेत तुम्हाला त्याच्यापासून."

"आहेत."

"एका छपराखाली राहता."

"राहतो."

"मग तेवीस वर्षं काय चाललं होतं दोघांचं?"

"शेती," लमाय म्हणाली.

ह्या वेळी मागचा बाक हसला नाही.

थवी साक्षीला आला तो नवा कोट घालून. शपथ घेतली. म्हणाला, बुनथोम माझे भाऊजी आहेत, फार सज्जन, मीच ह्या लग्नात पहिला दोरा बांधला, सगळं गाव साक्षी आहे, लग्न शंभर टक्के खरं आहे. म्हणताना त्याचा आवाज भरून आला. मी वाट पाहत होतो की आता तो बुनथोमला मिठी मारतो.

ओरथाय उठली. तिने एकच कागद पुढे ठेवला. तालुका कचेरीचा दाखला: ह्या दोन नावांच्या विवाहाची नोंद कुठेही आढळत नाही.

थवीच्या वकिलाने कागद वाचला. अशिलाकडे वळला. "तुम्ही म्हणालात, नोंद आहे. नुसता उतारा हरवलाय."

"असणारच!" थवी उठून उभा राहिला. बुनथोमकडे बोट दाखवून ओरडला, "तू नोंद केली नाहीस? तेवीस वर्षांत? खोटं बोलतोस!"

बुनथोम उठला. त्याने आधी न्यायाधीश बाईंना हात जोडले, मग थवीला. आपण कुठे उभे आहोत हे तो विसरला असावा.

"तुम्हीच शपथ घातली होती ना, दादा," तो म्हणाला.

वकील म्हणाला, "ह्यांना बसवा." बाई म्हणाल्या, "थांबा. कसली शपथ?"

"लग्नाच्या सकाळी. धान्याच्या कोठीमागे नेलं मला. म्हणाले, तू देवळात वाढलेला, आगापिछा नसलेला माणूस. कागद झाला की उद्या जमिनीवर हक्क सांगशील. बहीण देतो, कागद देणार नाही. कोठीतला मूठभर भात माझ्या हातावर ठेवला आणि भाताच्या आईची, म्हणजे पिकाच्या देवीची, शपथ घातली, की नोंद करणार नाही. केली तर शेत पिकणार नाही." त्याने रिकामा तळहात पुढे केला. "मी शेतकरी आहे, बाई. ती शपथ कशी मोडणार?"

 मग थवी जे बोलला ते वकिलाला थांबवता आलं नाही.

"असली शपथ कुणी तेवीस वर्षं पाळतं का? मला काय माहीत हा पाळेल!"

न्यायाधीश बाईंनी तेही लिहून घेतलं. थवीचा सगळा दावा एवढ्यावरच उभा होता, की बुनथोम कधीतरी बेइमान झाला असणार.

मी लमायकडे पाहिलं. ती थवीकडे बघतच नव्हती. ती बुनथोमकडे बघत होती, आणि त्या डोळ्यांत जे होतं त्याला प्रेम म्हणणारा माणूस एकतर शहरातला असतो किंवा आंधळा.

परतताना जिल्ह्याचं गाव मागे पडेपर्यंत लमाय खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "गुरुजी, गाडी थांबवा."

उसाच्या शेताशेजारी थांबवली. ती उतरली, मागे गेली. "उतर," ती बुनथोमला म्हणाली. कुत्रं बरोबर नव्हतं, त्यामुळे थेट बोलावं लागलं.

"मी तुला आळशी म्हणाले. गावासमोर. तेवीस वर्षं."

"हो."

"आणि तू हसत राहिलास."

"शपथ सांगायचीही नव्हती."

"माझ्या कागदाची शपथ! तुम्ही दोघांनी कोठीमागे ठरवलं. मी कुठे होते तेव्हा?"

"वरती. तुझे केस विंचरत होत्या बायका."

"मला विचारलंस?"

 बुनथोमच्या शर्टाची बटणं अजून गळ्यापर्यंत लावलेली होती.

"दवाखान्यात मला कुमारी म्हणून हाका मारायचे. तू दारात उभा असायचास. ऐकायचास. एका मुठीतला भात सांभाळत बसलास, आणि मी?" तिने गाडीच्या फळीवर हात आपटला. "दादाने मला जमिनीवरून काढायला बघितलं, म्हणून मी कोर्टात आले. तुझ्यासाठी कुठलं कोर्ट आहे ते सांग. तिथेही जाते."

मागे बसलेला मुखिया उसाकडे बघत राहिला. त्याला हा प्रश्न तालुक्यात विचारता येण्यासारखा नव्हता.

बुनथोम हळूच म्हणाला, "कचेरी साडेचारपर्यंत उघडी असते. वाटेत आहे."

"निकाल लागायचाय, अजगरा!" लमाय ओरडली. "आता नोंद करून जमीन घालवतोस का?"

निकाल भात कापून झाल्यावर लागला. म्हातारी शुद्धीत होती. अंगठा तिचाच, दोन साक्षीदारांच्या डोळ्यांसमोरचा. दुसरा साक्षीदार कुमारी लमाय हिचा कायद्याने कुणीही लागत नाही. मृत्युपत्र वैध. हे वाचून झालं तेव्हा त्या कुणीही न लागणाऱ्या माणसाने पुन्हा सगळ्यांना हात जोडले.

दुसऱ्या सकाळी लमायने रस्त्याकडच्या खुंट्या उपटल्या. अठ्ठावीस निघाल्या. फोडून चुलीत घातल्या आणि त्यावर भात वाफवला. फिती तिने जपून ठेवल्या, वांग्यांना आधार बांधायला उपयोगी पडतात. थवीने अपील केलं नाही. त्याच्या वकिलाने ते घ्यायला नकार दिला असं ऐकलं. पुढच्या सणाला पिवळी बादली आली नाही.

अपिलाची मुदत संपली त्या दिवशी बुनथोम पांढरा शर्ट घालून माचाच्या कडेला बसला. लमाय अंगणात भात पसरत होती.

"आज वाळवण आहे," ती म्हणाली.

तो दर मंगळवारी तसा बसतो. कधी वाळवण असतं, कधी कोंबडी खुडूक असते. "तेवीस वर्षं तू घेतलीस," एकदा ती मला ऐकू येईल अशा आवाजात त्याला म्हणाली, "मला निदान दोन तरी लागतील." दवाखान्यात परवा नर्सने "कुमारी लमाय!" म्हणून पुकारलं, तेव्हा ती बाकावरून एवढ्या जोरात "हो!" म्हणाली की नर्सच्या हातातून गोळ्यांची पुडी पडली.

आणि गावात आता एकच खूळ आहे. लमायची जमीन वाचली ती कागदाने, हे सगळ्यांनी पाहिलं. मरणाची भीती गेली नाही, पण थोरल्या मुलांची भीती तिच्याहून मोठी निघाली. मुखियाने या वेळी दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून आणल्या. मागच्या बाजूला स्पष्ट लिहिलंय: साक्षीदार असा हवा, ज्याला त्यात काही मिळायचं नाही, ज्याच्या नवऱ्या-बायकोलाही काही मिळायचं नाही.

माझं मी लिहून काढलं. दोन मुलगे बँकॉकला, घर एकच. मुखिया एक साक्षीदार झाला. दुसरा शोधायला निघालो, तर गावात सगळे आपापल्या कागदाला साक्षीदार शोधत फिरत होते आणि दुसऱ्याच्या दारात कुणी थांबत नव्हतं. मग वाटलं, लमाय आहे. तिला सगळं पाठ आहे.

ती माचावर जेवत होती. बाजूला धार लावलेला कोयता.

"लमाय, बाळा, एक सही हवी होती. समोर बसायचं, बाकी काही नाही."

तिने हात धुतले, पुसले, कागद घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. मग नीट घडी घालून परत दिला.

"चोख केलंय, गुरुजी. पण रात्रीपासून पोटात फार कळा आहेत बघा."

आणि पपईच्या कुटातली एक अख्खी मिरची उचलून, माझ्याकडे बघत, तिने सावकाश चावली.